मलिहाबादचा जून

बाबा, आज सकाळी मलिहाबादला जाऊन आले. शहर मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दशहरी आंब्याच्या बागा लागल्या आणि गाडीत माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा क्षणभर वाटलं, तुम्ही शेजारी बसला आहात आणि रविवार असल्यामुळे आपण आंबे आणायला निघालो आहोत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तरी खिडकीतून येणाऱ्या त्या गोडसर, जरा आंबूस वासात तुम्ही असता, आणि मी असते दहा-बारा वर्षांची, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन.

माझं आताचं काम तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आमच्या समूहात सिमेंट आहे, बिस्किटं आहेत, औषधं, शीतगृहं, आणि यादीत अगदी शेवटी मलिहाबादचा आंब्याच्या रसाचा छोटा कारखाना. या सगळ्यांचं कामकाज मी बघते. गेल्या वर्षी मोठ्या हौसेनं मी ठरवलं, की सगळ्या कारखान्यांची वार्षिक दुरुस्ती एकाच महिन्यात उरकायची. एकच ठेकेदार, एकच वेळापत्रक. महिना निवडला जून, कारण पावसाच्या तोंडावर सिमेंटची मागणी उतरते. मार्चमध्ये मलिहाबादच्या मॅनेजरचा फोन आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. "मैडम, जून में तो दशहरी आता है," एवढंच म्हणाला. मला काय ते ठाऊक नव्हतं? पण एकाला सूट दिली की सगळेच मागतील, असं मी त्याला ऐकवलं. तो "जी" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. जूनमध्ये आत यंत्रं उघडून पडली होती आणि फाटकाबाहेर आंब्यांच्या गाड्या उभ्या होत्या. फळ उन्हात मऊ पडत गेलं. बागवाले दुसरीकडे गेले, ते या वर्षी इकडे फिरकलेच नाहीत.

तुम्हाला आठवतं, सातवीत असताना मी घराचं वेळापत्रक करून इंदिरा नगरच्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं होतं? सहाला सगळ्यांचा चहा, आठच्या आत सगळ्यांच्या आंघोळी. रंगीत पेन्सिलींनी चौकटी आखल्या होत्या. तुम्ही उभ्यानं ते वाचता आहात, हातात कारखान्यात न्यायचा डबा आहे. मी शाबासकीची वाट बघते आहे. तुम्ही विचारता, "आईला विचारलंस?" सहाला नळाला पाणी यायचं आणि आई बादल्या भरत असायची, हे मला माहीत होतं, पण माझ्या चौकटींत ते बसत नव्हतं. मी दिवसभर फुरंगटून बसले. तुम्ही स्वतः कुठल्याही नव्या खात्यात गेलात, की पहिला आठवडा काही बदलायचा नाहीत, नुसते कामगारांबरोबर डबा खायचात. मला तो तुमचा भिडस्तपणा वाटायचा. खरं सांगायचं तर, मला त्याची लाज वाटायची.

सोमवारी संचालक मंडळापुढे कारखाना बंद करायचा प्रस्ताव आहे. टिपण मीच लिहिलंय. कारण दिलंय, 'स्थानिक नेतृत्व कमकुवत'. बाकीच्यांना आम्ही कुठे ना कुठे सामावून घेऊ, त्या मॅनेजरला मात्र या वयात घरी जावं लागेल. टिपणात जूनचा उल्लेखच नाही.

त्यानं आज मला व्हरांड्यात बसवलं. आत यंत्रं धुऊनपुसून तयार होती आणि कुठेच आवाज नव्हता. कोकीळ तेवढी ओरडत होती. त्यानं पाण्यात घातलेले आंबे पुढे ठेवले, घरची चौकशी केली, सोमवारचं काहीच विचारलं नाही. मीच चाचरत गेल्या जूनचा विषय काढला, तर म्हणाला, "आपने तो कंपनी के भले के लिए ही किया था, मैडम." त्याच्या आवाजात मी टोमणा शोधला. तो नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तुम्हाला हे सगळं लिहिणं सोपं जातंय, कारण हा कागद कुठेच जायचा नाही. बाबा, टिपणाची प्रत माझ्या पर्समध्ये होती. चूक माझी, असं त्याला सांगायचं आणि ते वाक्य त्याच्या समोर खोडायचं, एवढ्यासाठीच मी गेले होते. तीन आंबे खाल्ले, हात धुतले आणि परत आले.