मिकेलिनाचे बूट

पिएत्राव्हेर्दे, २ नोव्हेंबर १९६४

चि. दोनाता हिस,
मावशीचे अ. आ.

पत्र माझी सून एर्मिनिया लिहितेय. अक्षर तिचं, तोंड माझं. काल रात्री रीतीप्रमाणे मेलेल्या माणसांसाठी टेबल मांडलं, पाव आणि पाणी ठेवलं. आणि पहाटे तुझी आई स्वप्नात आली. अनवाणी! पाय काळेनिळे. म्हणाली, ओर्सोला, फरशी फार गार आहे गं.

खरं सांग पोरी, मिकेलिनाला शवपेटीत ठेवलं तेव्हा पायांत बूट घातले होते ना? नसतील तर घाबरू नकोस. राहिलेली वस्तू पुढच्या जाणाऱ्याच्या पेटीत ठेवायची, तो पोचवतो. तिकडे इंग्लंडात, तुमच्या बेडफर्डात, आपल्या गावचा म्हातारा रोक्को आहे. त्याची तब्येत कशी आहे, कळव. बापाला मात्र विचारू नकोस, भट्टीवर विटा भाजून तोही विटेसारखाच झालाय, तापला की तडकतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मावशी

बेडफर्ड, २२ नोव्हेंबर १९६४

ती. ओर्सोला मावशीस,
सा. न. वि. वि.

नव्हते गं घातले. अकरा वर्षांची होते मी. घरात इंग्रजी मलाच तेवढं यायचं, म्हणून आई आता जगणार नाही हे डॉक्टरचं बोलणं बाबांना मीच सांगितलं. रडलेसुद्धा नाही, शब्द चुकतील म्हणून. मग नर्सबाईने कागदी पिशवीतून आईचे बूट दिले आणि म्हणाली, आता हे लागणार नाहीत. इथली रीत असेल असं समजून मी ते घरी आणले. पंधराव्या वर्षी चॉकलेटच्या कारखान्यात लागले, तेव्हा पहिले दोन हिवाळे तेच घातले.

रोक्को ठणठणीत आहे. रविवारी चर्चमध्ये त्याच्याकडे इतकी टक लावून पाहिलं की म्हातारा लाजला! पण मावशी, तुझं पत्र आल्यापासून एक होतंय. बाबा वीटभट्टीवरची रात्रपाळी करून यायच्या आत, कामावर जाण्याआधी मी कॉफी ठेवते, तेव्हा पाठीमागे अनवाणी पावलं वाजतात. चुलीपासून बाहेरच्या दारापर्यंत. तिथेच थांबतात. मला भीती वाटते.

आशीर्वाद असू देत.
दोनाता

पिएत्राव्हेर्दे, १० जानेवारी १९६५

चि. दोनाता हिस,
अ. आ.

रोक्कोची वाट बघू नकोस, तो चिवट शंभरी गाठणार. मीच निघालेय. पोटात गाठ आहे, डॉक्टर म्हणतो ईस्टर दिसणार नाही. रडू नकोस गं, एर्मिनिया रडतेय तेवढं पुरे. यातही एक सोय झाली बघ. बूट लगेच पाठव. माझ्या हातांत ठेवतील, मी नेऊन देते. धाकटी बहीण माझी, तिला अनवाणी किती दिवस ठेवायचं?

तुझीच,
मावशी

बेडफर्ड, ३० जानेवारी १९६५

ती. मावशीस,
सा. न.

तू जाणार म्हणून रात्रंदिवस रडतेय, आणि वर तुझं ऐकतही नाहीये. बूट बांधून दोनदा पोस्टापर्यंत गेले, दोन्हीदा परत आणले. नाही पाठवत मी. बूट मिळाले की आई चालू लागेल आणि कायमची जाईल. कारखान्यातल्या बायका वाईट नाहीत, पण दोनाता म्हणायचा त्यांना कंटाळा, मला डॉली म्हणतात. बाबा येतात, जेवतात, झोपतात. आता त्या पावलांची मला भीतीही वाटत नाही. पहाटे कॉफी ठेवताना घरात कोणीतरी माझं असतं. तिच्यासाठी फरशीवर घोंगडी अंथरलीय. तिला सांग, अजून थोडे दिवस सोस म्हणावं. स्वार्थी म्हण मला.

तुझी,
दोनाता

पिएत्राव्हेर्दे, १२ फेब्रुवारी १९६५

चि. दोनाता हिस,
अ. आ.

अगं खुळे! दाराशीच का थांबते ती, याचा विचार केलास? स्वप्नातलं अर्धंच मी तुला सांगितलं होतं. मिकेलिना पुढे म्हणाली, पोर अंधारात एकटी कामाला जाते, मला तिला पोचवायला जायचंय. पण बाहेर बर्फ आहे गं, ओर्सोला, आणि माझ्या पायांत काही नाही.

आता तूच ठरव. माझ्याकडे फार दिवस नाहीत.

मावशी

बेडफर्ड, २१ मार्च १९६५

प्रिय एर्मिनिया वहिनी,
स. न. वि. वि.

बूट वेळेत पोचले आणि तू ते पेटीत मावशीच्या हातांत ठेवलेस, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण मावशीला पुरलं त्याच दिवसापासून इथली पावलं वाजायची थांबली. घोंगडी गुंडाळून ठेवली. मावशीचा इतका राग आला मला! वाटलं, बूट काढून घ्यायला म्हातारी मरतामरता खोटं बोलली, आणि माझी आई दुसऱ्यांदा गेली. पंधरा दिवस मी पहाटे कॉफीसुद्धा ठेवली नाही.

काल पुन्हा बर्फ पडला. कारखान्याच्या गेटवरचा म्हातारा पहारेकरी माझ्यावर चिडला. म्हणाला, रोज तुला सोडायला येते त्या बाईला असं बाहेर गारठ्यात काय उभं करतेस, आत शेकोटीपाशी बसव की. वळून बघायचा मला धीर झाला नाही, वहिनी. मी त्याला एवढंच सांगितलं, की तिच्या पायांत बूट आहेत, काळजी नको.

मुलांना गोड पापा. आपला लोभ आहेच, तो राहू दे.
दोनाता