कोपऱ्यातला वाढवू नका

३ नोव्हेंबर, सोमवार

आंधळगावला पोचले. भंडारा रोडला गाडीतून उतरले, तिथून मोहाडी, मोहाडीहून दुसरी बस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं धान आडवं पडलं होतं आणि उघड्या खिडक्यांतून ओल्या तणसाचा वास येत होता. शेजारच्या बाईने न विचारता माझ्या हातात पेरू ठेवला. बऱ्याच दिवसांनी इतकं हलकं वाटलं.

संस्था कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणाऱ्या बायकांसाठी काम करते. कचेरी म्हणजे जुनी मागशाळा. एकच लांब दालन, उंच खिडक्या. माग कधीच गेले, त्यांच्या खुंट्या जमिनीत राहिल्या आहेत. आता तिथे टेबलं आणि आठ कॉम्प्युटर. सगळ्यांवर जुनी विंडोज. तिची मुदत गेल्या महिन्यात संपली. देणगीदारांची अट अशी, की एकही जुना चालणार नाही. संचालक संजीव सर नागपूरला असतात. दोन आठवडे पुरतील ना, असं त्यांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, भरपूर झाले.

राहायला रंभाबाईंच्या घरी माडीवरची खोली. रंभाबाईंनी आयुष्यभर माग चालवला. त्यांचा पहिला प्रश्न, मुलीले कोणापाशी ठेवलं. मिरजेला आईकडे, असं सांगितलं. सोळाला ओवी सहा वर्षांची होईल. पंधराच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढूनच इकडे आले आहे. रात्री फोनवर तिला म्हटलं, केक कापायच्या आत येते.

४ नोव्हेंबर

कामाला सुरुवात केली. आधी सगळ्यांचा बॅकअप, मग रॅम, मग नवी हार्ड डिस्क. मशीन जुनी आहेत पण चालतील.

माणसं चालणार नाहीत. हिशेब बघणाऱ्या भय्याजींनी माझ्या नमस्काराला मान हलवली आणि चंद्रकुमारला विचारलं, हे कायले आली. मी समोरच उभी होते. चंद्रकुमार विणकरांना नमुने काढून देतो. तो म्हणाला, मॅडमले सगळं नवीन पाह्यजे, आपल्यालेही बदलून टाकतीन. सगळे हसले. चहा आला तो सगळ्यांना आला, मला सोडून.

नोंदी ठेवणारी गुड्डी तेवढी हसली नाही.

दालनाच्या टोकाला, खिडकीखाली, आठवा कॉम्प्युटर. तो कधीच बंद नसतो. सगळ्या कचेरीत इन्व्हर्टर फक्त त्यालाच जोडलेला आहे. पडद्यावर एक अर्धवट काठ दिसतो, इकडची करवतकाठी साडी असते तिचा. लाल पट्टी आणि पट्टीला करवतीसारखे दात. टेबल कौशल्याबाईंचं आहे म्हणतात. कौशल्याबाई कुठे आहेत, हे विचारलं तेव्हा सगळे आपापल्या पडद्याकडे वळले.

दुपारी गुड्डी तिथे जाऊन बसली. माउसवर हात ठेवला. हात हलत नव्हता. पडद्यावर मात्र काठाला एकेक दात येत होता. आधीच आखून ठेवलेलं असेल. तासाभराने ती मनगट चोळत उठली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबली आणि खाली बघून म्हणाली, बाकी काही करा, कोपऱ्यातला वाढवू नका.

इकडे अपग्रेडला वाढवणं म्हणत असावेत. चांगला शब्द आहे. रॅम वाढवायची, विंडोज वाढवायची.

६ नोव्हेंबर

सात झाले.

एकाचंही कौतुक नाही. भय्याजींनी पासवर्ड द्यायला अर्धा दिवस लावला. माझी खुर्ची सकाळी बाहेर ओट्यावर सापडली. चंद्रकुमार सगळ्यांदेखत म्हणाला, पुण्यामुंबईचे लोक आमाले शिकवून राहिले. मी मिरजेची, असं सांगितलं. तो म्हणाला, तेच ते.

कोपऱ्यात रोज पाळी असते. काल भय्याजी बसले, आज चंद्रकुमार. जो बसतो तो काही करत नाही. उठतो तेव्हा पांढरा पडलेला असतो आणि उजवा हात छातीशी धरून चालतो. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक जण त्या रिकाम्या खुर्चीकडे वळतो आणि येतो बाई, येते बाई असं म्हणतो. माझा निरोप कोणी घेत नाही.

मीही त्यांना आपलंसं करायचं सोडलं आहे. माणसं कोती आहेत. काम संपवायचं आणि जायचं.

७ नोव्हेंबर

संजीव सर फोनवर वैतागले. कोपऱ्यातला का राहिला. आठ म्हणजे आठ.

चहाच्या वेळी मी उभी राहिले. यांच्याशी यांच्याच शब्दांत बोलावं, म्हणजे विरोध कमी होईल, असं ठरवलं होतं. मोठ्याने म्हटलं, कौशल्याबाईंचा मी वाढवते.

भय्याजींच्या हातातली बशी तशीच राहिली. मग त्यांनी विचारलं, तुमी वाढवान? म्हटलं, हो, मीच. चंद्रकुमार जवळ आला. सोताहून म्हणून राहिल्या न तुमी, कोणाच्या सांगण्यावरून नाही न? त्याच्या तोंडी पहिल्यांदाच टोमणा नव्हता. मला बरं वाटलं. सरांचं नाव पुढे केलं तर पुन्हा बिनसेल, म्हणून म्हटलं, अगदी स्वतःहून.

गुड्डी रडायला लागली. रडत रडत उठली आणि मला चहा आणून दिला. या कचेरीतला माझा पहिला चहा.

८ नोव्हेंबर

एका शब्दाने माणसं अशी बदलतात का?

भय्याजी मला ताई म्हणाले. त्यांच्या बायकोने डब्यातून मासे पाठवले. चंद्रकुमारने कोपऱ्यातली खुर्ची स्वतः पुसली, तिच्यावर नवी गादी घातली, मग मला बसवून उंची बरोबर आहे का ते बघितलं. माझा हात माउसपर्यंत कसा पोचतो तेही बघितलं. पाठ दुखाची नाही पाह्यजे, म्हणाला.

रंभाबाईंनी कोशाचा नवा कपडा माझ्या खांद्यावर घातला. मी विचारलं, कशासाठी. त्या म्हणाल्या, असू दे. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मुहूर्त सोमवारचा. सकाळी नारळ वाढवू, असं भय्याजी म्हणाले.

गुड्डी माझ्याशी बोलत नाही. सगळ्यात चांगली तीच होती.

१० नोव्हेंबर

क्रमाने लिहिते.

सकाळी सगळे खुर्चीभोवती उभे होते. भय्याजींनी नारळ वाढवला. मी पेनड्राईव्ह लावला. मशीनने तो घेतला, थोडं पुढे गेलं, मग रीस्टार्ट मागितला. दिला. पडदा काळा झाला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मला तो ऐकू आला. चंद्रकुमार भिंतीला टेकून हसायला लागला, हसता हसता त्याने उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली. मग एकेक जण समोर आला आणि म्हणाला, येतो ताई. येते ताई. सकाळचे अकरा वाजले होते. सगळे घरी गेले.

मशीन सुरू होईना. मी तार काढली, इन्व्हर्टरही सोडवला. तार हातात होती आणि पडद्यावर काठ उमटला. होता तिथूनच पुढे.

मी बसले. का बसले ते माहीत नाही. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं.

रंभाबाईंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. त्या जे बोलल्या ते असं. विणणारी बाई अर्ध्या कापडावर मेली तर तिचा माग थांबवत नाहीत. पाळीपाळीने सगळे बसतात, थोडं थोडं विणतात. स्वतःहून म्हणून ज्याच्या हाताने माग थांबला, त्यानेच पुढे बसायचं, बाकीचे सुटले. कौशल्याबाई दोन पावसाळ्यांमागे त्याच खुर्चीवर गेल्या, समोर नमुना अर्धा होता. माग असो की ते मशीन, तिचं अडलंच न, असं त्या म्हणाल्या. आणि हेही म्हणाल्या, की थांबवला, बंद केला असं विणकराच्या घरी कोणी बोलत नाही, अशुभ असते. आमी वाढवला म्हणतो.

दुकान वाढवलं. बांगडी वाढवली. परवा नारळ वाढवू म्हणाले. शब्द मला माहीत होता. लहानपणापासून माहीत होता.

मी म्हटलं, मला अपग्रेड म्हणायचं होतं. रंभाबाईंनी भाजीचं ताट बाजूला केलं. तुमीच म्हणाल्या न, असं त्या म्हणाल्या. दोनदा विचारलं तुमाले.

११ नोव्हेंबर

पंधराची वाट बघायची नाही असं ठरवून सकाळीच मोहाडीची बस पकडली.

गाव सुटेपर्यंत ठीक होते. तळ्याची पाळ मागे पडली आणि उजव्या मनगटाला ओढ लागली. धागा बांधून मागून कोणी ताण द्यावा तशी. धागा दिसत नाही. आणखी पुढे गेल्यावर मनगटाची कातडी आत दबली, गोल, बारीक रेघेत. मग त्या रेघेतून रक्त आलं. मी ओरडले असणार. कंडक्टरने बेल मारून मला उतरवलं.

परत चालत आले. एकेका पावलागणिक दुखणं कमी होत गेलं. खुर्चीवर बसले तेव्हा काहीच दुखत नव्हतं.

पडद्यावर लाल पट्टी. सकाळच्या रक्तासारखीच लाल.

१२ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा माउसवर असतो. काढला की ओढ लागते.

माझ्यामागे कचेरी छान चालली आहे. नव्या विंडोजवर सगळे खूश. भय्याजी गाणं गुणगुणतात. चंद्रकुमारने नवा फॉन्ट लावला. इकडे कोणी बघत नाही. चहा सगळ्यांना येतो, मला सोडून.

भय्याजींना हाक मारली. एक तास बसा म्हणून विनवलं. मला मुलगी आहे, असं सांगितलं. ते लांबच उभे राहिले. आमची पाळी संपली ताई, म्हणाले.

संजीव सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, आठवा झाला का?

१३ नोव्हेंबर

कापड पुरं झालं की सुटका, असं धरून होते. चंद्रकुमारला विचारलं, साडी कुठे संपते. तो म्हणाला, पदर आला की. पदर कसा असतो? पदराचं तिलेच मालूम, म्हणाला. सांगितलं नाही कोणाले.

म्हणजे नुसता काठ. दात, दात —

मनगटाभोवतीची रेघ आता सरळ नाही. तिला दात आले आहेत. वर सरकते आहे —

गुड्डी खिडकी लावायला आली. मी विचारलं, मला सरळ का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं तर होतं. आणखी कसं सांगाचं. त्यांचं वागणंही तेच होतं, असं ती म्हणाली. चहा नाही दिला, खुर्ची फेकली, तुमी रागानं निघून जाव म्हणून. तुमी नाही गेल्या. मग सोताहून म्हणाल्या. मग काहून अडवतीन कोणी.

ते मला हाकलत होते —

ओवीचा फोन. कधी येणार. येते म्हटलं. दुसरा शब्द नाही. जाणाराही तेच म्हणतो —

१४ नोव्हेंबर

संजीव सर माझ्या जागी माणूस पाठवत आहेत. नीलेश नाव. आज येतो.

तो सोडवू शकतो. त्याने नुसतं म्हणायचं. स्वतःहून. मी वाढवतो —

मग उद्या सकाळची गाडी. सोळाला मिरज. केक —

तेविसाव्या वर्षी पहिलीच नोकरी म्हणे. त्याची आई सोबत येणार होती, त्याने नको म्हटलं —

बाहेर बस थांबली. भय्याजी उठून उभे राहिले. सगळे इकडे बघताहेत. चार दिवसांत पहिल्यांदा. गुड्डी मान हलवते आहे. हो म्हणते की नाही ते कळत —

आला. हसतो आहे. हातात पेरू. कोणीतरी दिला असणार —

रेघ कोपरापर्यंत —

सरळ इकडेच येतो आहे. विचारेल, हा राहिला का. काय सांगायचं ते ठरलं आहे. घोकते आहे. ओवी, मी ठरवलं आहे. तो जवळ आला की त्याला म्हणायचं, दादा, कोपऱ्यातला वाढव