महाराणी ओर्मा हिच्या ठावठिकाण्याबाबत

मी, सुधाकर नरसिंगराव गिम्मेकर, वय बहात्तर, निवृत्त मंडल सर्व्हेअर, मुक्काम बोथ, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज सोमवार, दिनांक ६ जानेवारी २०२५. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे, आणि हे डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या ओळखीचे नाहीत याची खात्री करून मगच घेतला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारे लोक आहेत, त्यांची नावे त्या त्या कलमात येतील.

लिहिताना चूक झाली तर पान फाडणार नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी फाडले नाही. चुकीचे लिहिलेले तसेच राहील आणि दुरुस्ती खाली येईल.

कलम १. राहते घर पत्नी वच्छलाबाई हिला. चतुःसीमा मी स्वतः मोजलेल्या आहेत. पूर्वेचा शेजारी दर उन्हाळ्यात कुंपण चार बोटे आत सरकवतो आणि वर चहाला बोलावतो. पत्नीने चहा घ्यावा, पण दगडाच्या खुणा मोजून घ्याव्यात. हे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "तुमी गेल्यावर म्या सुतक पाळू का दगडं मोजू?" मी म्हणालो, दोन्ही.

कलम २. बँकेत जे असेल ते पत्नी आणि मुलगी प्रणिता यांना निम्मे निम्मे. यात सांगण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझी जुनी जरीब, म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी, आणि पितळी ओळंबा प्रणिताला. लहानपणी सुट्टीत ती साखळीचे दुसरे टोक धरून उभी राहायची आणि कधी हलली नाही. आता ती हैदराबादला नोकरीत आहे. मागच्या दिवाळीत तिने माझ्या वह्यांचे मोबाईलवर फोटो काढले. "बाबा, कागद पिवळे पडून राह्यले, जपून ठेवते," असे कारण दिले. ते फोटो आणखी कोणाला पाठवले, हे मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा तेच उत्तर आले. खरे बोलणारा माणूस इतके सारखे उत्तर देत नाही, म्हणून वह्यांचा विषय या कलमात घेत नाही.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. दहावीच्या वर्गात असताना मी, माझा धाकटा भाऊ भगवान आणि नार्नूरचा मित्र मारोतराव शेंडे, अशा तिघांनी मिळून निव्हार साम्राज्य वसवले. हे साम्राज्य पृथ्वीवर नाही. त्यात सत्तावीस ग्रह आहेत. तिथल्या लोकांना चार हात असतात आणि पापण्या नसतात, त्यामुळे त्यांना कोणाकडे कानाडोळा करता येत नाही. गादीवर महाराणी ओर्मा आहे.

१९८१ साली भगवान कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरीला लागून बेल्लमपल्लीला गेला आणि महिन्याभरात तिथून कार्ड आले: "दादा, राणी म्हातारी झाली. मी उठाव करून राह्यलो." तेव्हापासून यादवी चालू आहे. भगवान उठाववाला. मी आणि मारोतराव गादीवाले. मी गादीचा दिवाण, मारोतराव सेनापती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हुकूम लिहायचे, नक्कल वहीत ठेवायची (कलम ३ मधल्या वह्या त्याच) आणि टपालात टाकायचे. तिघांच्या घरी साम्राज्याच्या सामाईक नकाशाची एकेक प्रत. लोक पत्ते खेळतात, कोणी भजनाला जाते. आम्ही हे केले.

भगवानचा उठाव मला कधी पटला नाही. राणी म्हातारी झाली म्हणून गादी ओढायची, तर उद्या आपली पोरे आपल्याला काय करतील? निष्ठा म्हणजे सोयीची वेळ टळल्यावरही टिकते ती.

कलम ५. नार्नूरचा मारोतराव शेंडे, भाजीपाल्याचा मळेवाला, याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. तो दगाबाज आहे.

कारण असे. २०१० च्या जानेवारीत राजधानी पडली. महाराणीला मी सोळाव्या ग्रहाच्या धाकट्या चंद्रावर लपवले. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, मला आणि मारोतरावला. तीन महिन्यांत भगवानची सगळी जहाजे नाकासमोर त्याच चंद्रावर आली. आमची चारशे जहाजे बुडाली. राणीला मी कशीबशी बाहेर काढली आणि त्यानंतर सामाईक नकाशा कधी उघडला नाही. दोघांतला एक मी. मी सांगितले नाही. मग राहिले कोण, हे मोजायला सर्व्हेअर लागत नाही.

मी मारोतरावला विचारले. त्याने खाली पाहिले आणि एक शब्द बोलला नाही. त्यानंतर मी त्याच्या दारात गेलो नाही. त्याच्या मुलीच्या, तेजस्विनीच्या, लग्नाची पत्रिका आली, ती 'घेणार नाही' असा शेरा मारून परत केली. आम्ही पहिलीपासून एका पाटीवर शिकलो होतो.

कलम ६. महाराणी आज कुठे आहे हे फक्त मला ठाऊक आहे. लाख लावलेल्या एका पाकिटात ते लिहून ठेवले आहे. हे पाकीट कोणाला द्यावे याचा चार वर्षे विचार केला. भगवान शत्रू आहे. प्रणिताकडे मोबाईल आहे. पत्नीचे भगवानच्या बायकोशी फोनवर रोजचे बोलणे असते, आणि लोणच्यापासून सुरू झालेले बोलणे कुठे पोचेल सांगता येत नाही. पाकीट द्यायला माणूस नाही. म्हणून ते माझ्याबरोबर सरणावर ठेवावे. राणी कायमची हरवेल आणि गादीवाले संपतील, हे मला कळते. दगाबाजाच्या हाती पडण्यापेक्षा ते बरे. पत्नी म्हणाली, "चार हाताच्या बाईसाठी इतकं? मले दोनच हाय म्हणून का?"

कलम ७. गुरुवार, ९ जानेवारी. मालमत्तेचे परिशिष्ट करायला बसलो. सामाईक नकाशाची स्थिती नोंदवायची म्हणून पंधरा वर्षांनी तो उलगडला. फाटका नाही, वाळवी नाही, असे लिहिले. मग सोळाव्या ग्रहाकडे नजर गेली.

धाकट्या चंद्रावर लाल शाईची तुटक रेघ आहे. रेघेशेजारी लिहिले आहे: पोटहिस्सा १६/२, कब्जा गादीकडे. खाली १० जानेवारी २०१० आणि माझी सही.

आता नोकरीत मी आयुष्यभर काय केले ते सांगतो. एखाद्या तुकड्यावर नवा माणूस बसला की आधी पोटहिस्सा पाडायचा, म्हणजे तेवढा तुकडा नकाशात वेगळा दाखवायचा, नोंद करायची आणि सर्व संबंधितांना कळवायचे. नोंदीशिवाय कब्जा म्हणजे अतिक्रमण. मी महाराणीला चंद्रावर बसवले, पण बिननोंदीचे बसवणे माझ्या हाताला जमले नाही. नकाशात बदल झाला की बाकी दोन्ही घरी कार्ड टाकायचे, हा नियमही माझाच. जावक वहीत पाहिले. १० जानेवारी, दोन कार्डे. एक नार्नूर. एक बेल्लमपल्ली.

महाराणीचा पत्ता शत्रूला मी स्वतःच कळवला, तोही बाकायदा.

लगेच भगवानला फोन लावला. "तुला चंद्र कसा कळला?"

"दादा, तूच त कार्ड धाडलं."

"मग तीन महिने का थांबलास?"

"मले वाटलं डाव टाकून राह्यला तू. सख्खा दुश्मन पत्ता सांगते का कधी? तीन महिने मी भीत होतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू मले कधी ईचारलं? तू मारोतले ईचारलं."

फोन ठेवला आणि नार्नूरच्या बसची वेळ पाहिली.

कलम ८. शुक्रवारी सकाळच्या बसने नार्नूरला गेलो. मारोतराव मळ्यात बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. केस सगळे पांढरे झाले आहेत. मला पाहून म्हणाला, "बस. पाणी पे." जणू मी परवाच येऊन गेलो होतो.

मी उभ्या उभ्याच सांगितले. पोटहिस्सा मी पाडला, कार्ड मी टाकले, दगा माझाच.

"मलेबी आलतं ते कार्ड," तो म्हणाला. "मले वाटलं, एकट्या मलेच धाडलं असन."

"मग राणीचा पत्ता कोणी फोडला असं तुला वाटलं?"

त्याने हातातली जुडी खाली ठेवली. "रागावू नोको. मले वैनीचा डाऊट होता. त्याच टायमाले वैनी बेल्लमपल्लीले बारशाले गेल्या होत्या, भगवानच्या घरी चार दिवस."

"मग बोलला का नाहीस? मी तुला तोंडावर दगाबाज म्हणालो."

"तुझा सोभाव मले ठाव नाही का? म्या दगाबाज ठरलो त तुझा एक दोस्त जाते. वैनी ठरल्या असत्या त तुझं घर गेलं असतं. म्हणलं, राहू दे आपल्याच डोक्यावर."

पंधरा वर्षे हा माणूस गप्प राहिला. मी त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका शेरा मारून परत करत होतो, तेव्हा तो माझा संसार राखत होता. मी त्याच्या बांधावर बसून रडलो. हे मृत्युपत्रात लिहायची कायद्याने गरज नाही, पण लिहिलेले असावे. निष्ठेवर कलम ४ मध्ये मी जे लिहिले आहे, ते लिहिण्याचा अधिकार मला नव्हता.

घरी येऊन वच्छलाला सांगितले. ती हसेल असे वाटले होते. ती म्हणाली, "मारोतभाऊजींनी माह्यावर डाऊट घेतला, त्याचं मी पाहून घेईन. पण तुमी कोणावर घेतला नाही ते सांगा."

कलम ९. दुरुस्ती.

(अ) कलम ५ रद्द. तेजस्विनीचा आहेर राहिला आहे. माझ्या आईची चांदीची वाटी तिला द्यावी.

(आ) वह्या आणि नकाशा प्रणिताला. तिचे तिन्ही वेळा सारखे आलेले उत्तर खरे होते म्हणूनच सारखे होते, असे आता वाटते.

(इ) कलम ६ रद्द. पाकीट मारोतरावला लिहून देणार होतो. पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. दोन्हींपैकी काय हवे ते विचारले. तो म्हणाला, "सही करतो. तुझ्या कागदावर माहं नाव असू दे." म्हणून पाकीट मृत्युपत्रात न घालता जिवंतपणीच त्याच्या हातात दिले. ते आता माझी मालमत्ता नाही.

(ई) भगवानला काही देत नाही. दिले तर तोही साक्षीदार होऊ शकणार नाही. त्याने राग मानू नये. मानला तर उठाव चालूच आहे.

आज रविवारी दोघेही माझ्या ओसरीवर आले आहेत. मारोतरावने पाकीट फोडून वाचले, कागद चार घड्या करून खिशात टाकला आणि मला विचारले, "पंधरा वर्षं एकटीच हाय का थितं?"

मी म्हणालो, हो, एकटीच.

"मंग उद्याच जहाजं धाडतो."

"किती जहाजं?" भगवानने विचारले. आम्ही दोघांनीही त्याला गप्प बसवले.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. यात एकच खाडाखोड आहे: कलम ५, दुसरे वाक्य, 'दगाबाज' हा शब्द. वाचता येईल अशा बेताने एका रेघेने खोडला आहे. मारोतराव म्हणाला, राहू दे, सवय झाली. मी खोडला.

ठिकाण: बोथ
दिनांक: १२ जानेवारी २०२५

सही
सुधाकर नरसिंगराव गिम्मेकर

लिहिणाऱ्याने आमच्यासमोर सही केली, आम्ही त्याच्यासमोर केली.

साक्षीदार १
भगवान नरसिंगराव गिम्मेकर, वय सदुसष्ट, मु. बेल्लमपल्ली
(सही करेपर्यंत युद्धबंदी. चहा झाल्यावर पुन्हा सुरू.)

साक्षीदार २
मारोतराव तुकारामजी शेंडे, वय बहात्तर, मु. नार्नूर
सेनापती, गादी निव्हार. आज सकाळी हुद्द्यावर रुजू.