कुणाला न लागणारा आजार

आई, कनवटीला खोचलेली किल्ली घरभर शोधणारी बाई तू, मला काय ओळखणार! मी तुझी थोरली. मला अक्षर येत नाही, नात लिहिते आहे. चुकलं तर तिच्यावर ओरड.

परवा इथल्या मोठ्या दवाखान्यात माझ्या छातीचा फोटो काढला. फोटो म्हणून मी ठेवणीतलं लुगडं नेसले, तर विजेच्या यंत्रापुढे गार फळीला छाती टेकवून उभं केलं आणि म्हणे, "आजी, श्वास धरा." म्हटलं, "धरायला असता तर इथे कशाला आले असते?"

मला तुझंच दुखणं लागलं. गोदेच्या पाण्यात बोटं पांढरीफटक पडतात, कातडी ताणून कडक झाली, मूठ मिटत नाही, चार पायऱ्यांत दम. घरात लगेच त्याचा क्षय झाला. सुनेने माझं ताट वेगळं कोनाड्यात ठेवलं आणि भाकरी वरून टाकू लागली, तुला टाकायचे तशी. डॉक्टरने फोटो उजेडाला धरला. खालच्या अंगाला दोन्हीकडे कोळिष्टकासारखी जाळी. म्हणाला, "हा क्षय नाही. थुंकीही तीनदा तपासली. कातडीचा आजार आत उतरलाय. औषध नाही, पण हा कुणाला लागत नाही."

कुणाला लागत नाही! आणि तू दिंडोरीला परसातल्या खोपीत सहा वर्षं, मरेपर्यंत, एकटी जेवलीस. तुला क्षय ठरवणाऱ्या वैद्याचा राग येतो, बाबांचा येतो, पण सगळ्यात जास्त तुझा. कुणी सांगायच्या आधी तूच ताट उचलून बाहेर गेलीस. मी दारात आले की ओरडायचीस, "पोराला घेऊन मागे हो!" एकदा तरी म्हणायचंस, मी इथेच जेवणार.

मी म्हटलं. घरी येऊन कोनाड्यातलं ताट काढलं नि नातवंडांच्या मधे पाट मांडला. सून म्हणाली, "सासूबाई, फोटोच चुकला असला तर?" म्हटलं, "तर मग बोटं मोड माझ्या नावाने. आत्ता वाकून वाढ." आधी पदर नाकावर घेतला तिने, पण वाकली.

नात विचारते, पत्ता काय घालू? काही नको, कागद डब्यात ठेव. फक्त एवढं लिही. आई, माझ्या बाळंतपणात तू डिंकाचे लाडू धाडलेस, त्या ताठ बोटांनी वळून. मी एकही खाल्ला नाही. गाईला घातले, आणि छान झाले म्हणून निरोप पाठवला. आता काही पाठवायचंच झालं तर तेच पाठव. डिंक बारीक कूट, दात उरले नाहीत.