मीटरमधला जुना आकडा

निरंजन,

"हुणसूरच्या उतारावर मी चाळीसनेच होतो," हे आता कुणालाही सांगू नकोस. चारचाकी एटीव्ही बाइकला मोठे टायर घातलेस आणि वेगाच्या मीटरमध्ये घेर जुन्याच टायरचा ठेवलास. आज मी टायरवर खडूने खूण केली, गाडी एक फेरा ढकलली आणि टेपने मोजलं. मीटर चाळीस दाखवतो तेव्हा गाडी पन्नासने पळते.

स्पृहाला घेऊन साताऱ्याला आईकडे जातेय. इडलीचं पीठ फ्रिजमध्ये आहे.

नवा घेर मोजायचा राहिला, असं म्हणू नकोस. त्या दिवशी हुणसूरला निघण्याआधी तू घेर मोजलास, तेव्हा टेपचं दुसरं टोक स्पृहानेच धरलं होतं. त्या उतारावर मोडलेला पाय उशीवर ठेवून तिने आज मला तो आकडा घडाघडा सांगितला. वर म्हणाली, "बाबा म्हणाले, आधी एक चक्कर मारू, मग मीटरमध्ये टाकू."

मृणाल