यादीत नसलेला रविवार

२४ जून, मंगळवार

माझ्या चाळीस ओळी तिने एका ओळीत गुंडाळल्या. एका!

धुळ्याच्या ठिबक कंपनीचं काम. शेतमालक भेटतो तो रविवारीच, म्हणून मेकॅनिकने दर रविवारी ठिबक तपासायला जायचं. त्या वर्षभराच्या तारखा काढणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहायचा; जो जाणार नाही त्याला प्रोग्रामनेच मेसेज धाडायचा. मी महिन्यामहिन्याचे दिवस मोजत, फेब्रुवारीची वेगळी बडदास्त ठेवत आठवडाभर राबले. ऑफिसात नवीन आलेल्या हेमांगीने पहिली तारीख दिली, शेवटची दिली, ‘दर रविवार’ एवढं सांगितलं. तारखा धडाधड पडल्या. रतिलाल सर तिच्या खुर्चीमागे उभे. “नूतन, बघ, याला म्हणतात काम.”

बघितलं. पोटात दुखायचं ते दुखलं.

२७ जून

धुळ्याला शाखा निघतेय. हे काम जिचं चांगलं उतरेल तिला तिथे पाठवणार, असं सर म्हणाले. लग्नाला तीन वर्षं झाली – प्रेमराज धुळ्यात, मी जळगावात. शनिवारी एसटी, सोमवारी पहाटे पुन्हा एसटी. घरमालकाची वरची खोली रिकामी आहे, तू आलीस की तीही घेऊ, असं प्रेमराज कधीचा म्हणतोय.

डबा खाताना हेमांगीला हे सांगून बसले. “वा ताई, गच्ची पण असेल ना?” आहे गच्ची. तुला काय करायचंय?

पुण्यात वाढलेली मुलगी. तिला धुळं काय नि जळगाव काय, सारखंच. मला नाही.

९ जुलै

आज तिने सुट्ट्या वगळल्या. सरकारी यादी घेतली आणि तारखांतून वजा केली. सरांनी सगळ्यांना चहा सांगितला. मलाही मिळाला. बेचव.

वर ती माझ्याशी इतकं गोड वागते! उद्धट असती तर रागवायला सोपं गेलं असतं.

१० जुलै

माझ्या ओळी मीच पुसून टाकल्या. कुणी विचारलंही नाही.

१८ जुलै

हेमांगी स्वतःहून आली. “ताई, इथले काही सण यादीत राहिलेत का? मला इथलं फारसं कळत नाही.”

समोर स्क्रीनवर ३ ऑगस्ट. नागपंचमीनंतरचा रविवार. त्या दिवशी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. सुरतेला पोटासाठी गेलेला माणूसही रोटांना, कानबाईच्या नैवेद्याला, गावी येतो, तिथे पाना-पक्कड घेऊन शेतावर कोण जाणार? आणि सरकारी यादीत कानबाई कुठून असायची!

मी म्हटलं, “सरकारी यादीत सगळं असतं गं.”

“थँक्यू ताई,” म्हणाली.

३ ऑगस्ट, शिंदखेडा

सासरी सगळे जमले. कानबाई छान सजली. निंबा भाऊजी त्याच ठिबक कंपनीत मेकॅनिक आहेत. ऐन आरतीत त्यांचा फोन वाजला – ‘आपण आज कामावर गैरहजर आहात. खुलासा द्यावा.’ आमच्या प्रोग्रामचा मेसेज. शेजारचे धनसिंगभाऊही तिथेच मेकॅनिक, त्यांनाही तोच.

भाऊजी तापले. “कानबाईना दिन बी गैरहजर? आते उद्या बी कोनी जावाव नही!”

सासूबाईंनी विचारलं, “हाई कोनी धाडं?”

मी रोटांना तूप लावत होते. लावत राहिले.

५ ऑगस्ट

काल एकही मेकॅनिक कामावर गेला नाही. कंपनीचे मालक तोताराम नाना सरांना फोनवर अर्धा तास बोलत होते. मग सर हेमांगीला बोलले, सगळ्यांसमोर. ती रडली. ‘मी ताईंना विचारलं होतं’ एवढं म्हटलं असतं तर सुटली असती. म्हणाली नाही. माझ्याकडे नुसतं एकदा बघितलं.

वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर आनंद जास्त झाला. धुळ्याचं शुक्रवारी सांगतो, म्हणाले सर. आता दुसरं आहेच कोण? प्रेमराजला फोन केला – घरमालकाशी बोलून ठेव.

८ ऑगस्ट, शुक्रवार

तोताराम नानांचा निरोप आला – “जिनी बिघाडं तिलेच आठे धाडा, बठ्ठं सुधारी दी.” जिने बिघडवलं तिनेच तिथे बसून सगळं नीट करायचं. हेमांगी सोमवारपासून धुळ्याला. कायमची.

निघताना माझ्या टेबलाशी आली. “ताई, ती वरची खोली अजून रिकामी आहे का?”