वेशीपर्यंत रिकामी जाणारी एसटी

करंजवेढे,
९ डिसेंबर २०२५

चि. भावेशला देवकीताईचे अनेक आशीर्वाद.

एक जानेवारीपासून आपल्या गावची सकाळची एसटी बंद होणार. अफवा नाही; राघोभाऊ कंडक्टरांनी आगारातला कागद स्वतः वाचून सांगितलं. वर्षभरात आपल्या थांब्यावरून एकही तिकीट निघालेलं नाही. माझ्या अंगणवाडीच्या वहीत तीनशे अठरा माणसं आणि त्यांच्या मशीनमध्ये प्रवासी शून्य.

खरं काय ते तुला ठाऊक आहे. वेशीवरच्या वाघोबाला चालत जाऊन हात जोडल्याशिवाय आपल्यातलं कुणी गाव सोडत नाही. बसून वेस ओलांडायची नाही, हा आपल्या बाबांचा, गावच्या भगताचा, दंडक. गाडी थांब्यावरून रिकामी निघते, आपण खाली वाघोबापाशी चढतो, आणि तिथं थांबा नाही म्हणून तिकीट निघतं पुढच्या गावच्या थांब्यावरून. राघोभाऊ म्हणाले, ताई, जिथं कुणी चढलंच नाही तिथलं खोटं तिकीट मी कसं काढू.

भाग्यश्री माझी बारावीला. तिला भिवंडीला कॉलेजात जायला दुसरी गाडी नाही. ऐकून ती भरलेलं दप्तर पुन्हा भरत बसली.

सोमवारी, पंधरा तारखेला, मोजणीला साहेब येणार आहेत. थांब्यावरून वीस माणसं चढली तर गाडी राहील. निम्मं गाव वीटभट्ट्यांवर गेलंय, तरी वीस निघतील. पण बाबा चढले नाहीत तर एकही चढणार नाही.

टेकडीवर फोनला रेंज आहे, पण तिथलं बोलणं सारा पाडा ऐकतो. म्हणून ही चिठ्ठी राघोभाऊंच्या हाती देते. जेवत जा. वडापावावर अंग धरत नाही.

तुझी ताई

दापोडे,
११ डिसेंबर

ती. देवकीताईस सा. न. वि. वि.

चिठ्ठी भिवंडी स्टँडवर जाऊन घेतली. सगळ्या गावाची पोरं वजन करून लिहितेस, आणि रिकामी गाडी डोळ्यासमोरून जाते ती दिसली नाही? हसू नकोस. दिवाळीला मीही बाबांच्या मागे चालतच वेशीपर्यंत गेलो होतो.

माझ्या वेळी ही गाडी नव्हती. आठ किलोमीटर चालत दोन पावसाळे काढले, तिसऱ्याला शाळा सोडली. आता इथे दुसऱ्यांचे बॉक्स चढवतो. या गोदामांतून दिवसाला शंभर ट्रक सुटतात, आणि आपल्याला द्यायला एक गाडी जड झाली. भाग्यश्रीचं माझ्यासारखं नको.

गाडी वाघोबापाशी दोन मिनिटं थांबवा, सगळे उतरून पाया पडा, परत चढा. बाबांना समजावू नकोस, विचार. आम्ही गावचे सहा जण इथे आहोत. सुपरवायझर म्हणाला, सोमवार को माल आता है, आणि दोघांनाच सुट्टी दिली. मी रविवारी येतो.

भाग्याला म्हणावं, अभ्यास कर. मामाची राहिलेली परीक्षा तिलाच पास व्हायची आहे.

तुझा भावेश

करंजवेढे,
१३ डिसेंबर

चि. भावेशला आशीर्वाद.

राघोभाऊ नाही म्हणाले. साहेब गाडीत असताना, कागदावर नाही त्या जागी गाडी कशी थांबवायची?

बाबांना विचारलं. भाकर तशीच ठेवून ते वेशीवर गेले, दुपारपर्यंत बसले. आल्यावर म्हणाले, चालत जातो तो चालत परत येतो, असं त्यांचे बाबा सांगायचे. मग सकाळची भाकर पुढे घेतली. घास मोडता मोडता म्हणाले, भावेश तर चालतच गेला होता, तो कुठं राहायला परत आला? राग मानू नकोस. तुला कळावं म्हणून लिहिते.

आज संध्याकाळी त्यांनी भाग्याला विचारलं, वाघोबा कोणत्या बाजूच्या खिडकीतून दिसतो. ती म्हणाली, ड्रायव्हरच्या. मग त्यांनी बसल्या बसल्या त्या बाजूला हात जोडून पाहिले.

सोमवारी सहा दहाला गाडी लागेल. माणसं मी घरोघर सांगून ठेवलीत. बाबा थांब्यावर येणार हे नक्की. पायरी चढतील का, ते त्यांनाही ठाऊक नसावं. भाग्या आधी चढून ती खिडकी धरणार आहे. तू त्यांच्या मागे उभा राहा.

लोभ आहेच. पायी ये, बसून ये, पण ये.

तुझी ताई